मोबाईलसाठी व्हिडिओ एक्सपोर्ट करताना बिटरेट किती ठेवायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सासवडला लग्नं, जागरण-गोंधळ आणि जत्रांच्या व्हिडिओचं मिक्सिंग करतो. पूर्वी पार्टी, म्हणजे गिऱ्हाईक, डीव्हीडीचा सेट मागायची, आता पेनड्राइव्ह मागते. तो पहिल्या दिवशी टीव्हीला लागतो आणि दुसऱ्या दिवशी त्यातलं सगळं कुणाच्या तरी मोबाईलमध्ये गेलेलं असतं. म्हणजे आपण जे बनवतो ते शेवटी सहा इंची पडद्यावरच पाहिलं जातं. तरीही एक्सपोर्टच्या चौकटीत बिटरेटचा आकडा टाकताना निम्मे लोक मागच्या वेळचाच ठेवतात आणि उरलेले ‘क्वालिटी हवी’ म्हणून ५० टाकतात. नव्या पोरांनी आणि पार्ट्यांनी मला पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

बिटरेट म्हणजे नक्की काय? रिझोल्यूशन १०८० आहे म्हटल्यावर क्वालिटी आलीच ना?

नाही. पंगतीचं उदाहरण घ्या. रिझोल्यूशन, म्हणजे चित्रातल्या ठिपक्यांची संख्या, म्हणजे तुम्ही किती पानं मांडलीत. बिटरेट, म्हणजे व्हिडिओच्या एका सेकंदाला किती माहिती वापरायची, म्हणजे भात किती शिजवलाय. पानं चारशे मांडली आणि भात शंभर माणसांचाच असला तर सगळ्यांच्याच पानात घासभर पडणार. कमी बिटरेटचा १०८० तसाच दिसतो. नाव फुल एचडी, पण चेहऱ्यावर चौकोन. त्यापेक्षा तेवढ्याच बिटरेटचा ७२० मोबाईलवर जास्त स्वच्छ दिसतो.

थोडं आकड्यांत सांगतो. १९२० गुणिले १०८० चं चित्र, सेकंदाला २५ फ्रेम, काहीही न दाबता (कॉम्प्रेस न करता) ठेवलं तर सेकंदाला सुमारे ६२२ मेगाबिट लागतात. आपण ते ६ ते ८ मेगाबिटमध्ये बसवतो, म्हणजे जवळजवळ शंभरातला एक भाग ठेवतो. हे काम कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबणारा प्रोग्राम, करतो. काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे तो ठरवतो. त्याच्या हातात किती द्यायचं, एवढंच आपण ठरवतो.

बाकी राहू द्या, सरळ आकडा सांगा.

एच.२६४ कोडेक, २५ किंवा ३० फ्रेम, मोबाईलवर पाहण्यासाठी: ४८० ला दीड मेगाबिट, ७२० ला ३ ते ४, १०८० ला ६ ते ८. सेकंदाला ५० किंवा ६० फ्रेम असतील तर १०८० ला १० ते १२. एच.२६५ म्हणजे एचईव्हीसी वापरत असाल तर याच्या साठ टक्क्यांत काम भागतं.

फोरके मोबाईलसाठी देऊ नका असंच मी सांगतो. हातभर अंतरावर धरलेल्या फोनवर १०८० आणि फोरकेमधला फरक ओळखणारा माणूस मला अजून भेटायचाय. पार्टी हट्टालाच पेटली तर २५ ते ३५ ठेवा, पण सोबत १०८० ची प्रत द्याच. आठ दिवसांनी फोन येतो तेव्हा ती कामाला येते.

पडताळायचं असेल तर आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये बघा. ‘हाय एफिशियन्सी’, म्हणजे एच.२६५, निवडलेलं असेल तर १०८० ला ३० फ्रेमने एका मिनिटाला अंदाजे ६० एमबी लागतात असं तिथेच लिहिलेलं असतं. ६० एमबी मिनिटाला म्हणजे सेकंदाला ८ मेगाबिट. फोन हे शूटिंग चालू असताना, घाईघाईत दाबतो. आपला कॉम्प्युटर तेच काम निवांत करतो, त्यामुळे त्याला कमीत भागवता येतं.

मग हाच आकडा सगळ्या व्हिडिओंना लावायचा का?

इथेच सगळी मेख आहे.

माझ्याकडे एकाच आठवड्यात दोन कामं होती. एक कीर्तनाचं. कॅमेरा तिवईवर, बुवा मध्ये, मागे टाळकरी, पडदा एकच, दोन तास हललं ते बुवांचे हात आणि वीणा. दुसरं जेजुरीचं, सोमवती अमावस्येचं. खंडोबाची पालखी कऱ्हेवर स्नानाला निघते, पायऱ्यांवर माणूस मावत नाही आणि वरून भंडारा उधळला जातो. दोन्ही मी एकाच क्वालिटीवर काढली आणि बिटरेट कोडेकला ठरवू दिला. कीर्तन दोन मेगाबिटच्या आत बसलं. भंडाऱ्याचा भाग वीसच्या वर गेला.

कारण असं. एच.२६४ प्रत्येक फ्रेम नव्याने साठवत नाही. चित्राचे १६ बाय १६ पिक्सेलचे चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोनासाठी आधीच्या फ्रेममध्ये त्याच्यासारखा चौकोन शोधतो. सापडला तर ‘तोच, फक्त थोडा उजवीकडे’ एवढंच लिहून ठेवतो. बुवांच्या मागचा पडदा दोन तास तोच, त्याला जवळजवळ काहीच लिहावं लागत नाही. भंडाऱ्याचा ढग उडतो तेव्हा प्रत्येक कण वेगळ्या दिशेला जात असतो. आधीच्या फ्रेममधला कुठलाच चौकोन पुढच्याशी जुळत नाही, सगळं नव्याने लिहावं लागतं. बिट संपले की कोडेक बारकावे पुसायला लागतो. कण जातात आणि पिवळी लापशी उरते. त्यात रंगाची माहिती मुळातच प्रकाशाच्या माहितीच्या एक चतुर्थांश ठिकाणीच साठवलेली असते, म्हणून गडद पिवळा आणि गुलालाचा लाल आधी फाटतात, चेहरा मागाहून.

लग्नातही हेच होतं. सप्तपदीला ५ पुरतात. अक्षता पडतात त्या अर्ध्या मिनिटाला, वरातीतल्या कागदी फुलांच्या तोफेला आणि धुराच्या मशीनला १५ सुद्धा कमी पडतात. म्हणून आकडा ठरवण्याआधी टाइमलाइनमध्ये उधळण, पाणी, धूर, झाडाची पानं आणि हलता कॅमेरा किती आहे ते बघा. रिझोल्यूशन त्यानंतर.

सीबीआर, व्हीबीआर, सीआरएफ यांतलं काय निवडू?

सीबीआर, म्हणजे सगळीकडे एकच बिटरेट, मोबाईलसाठी नको. तो प्रत्येक सेकंदाच्या पानात सारखेच बिट वाढतो, कीर्तनातल्या रिकाम्या पडद्यालाही आणि भंडाऱ्यालाही. थेट प्रक्षेपणाला तो लागतो, आपल्याला नाही.

व्हीबीआरमध्ये, म्हणजे बदलत्या बिटरेटमध्ये, सरासरी आणि कमाल असे दोन आकडे देता येतात. प्रीमिअर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये १०८० साठी मी टार्गेट ७ आणि मॅक्सिमम १४ ठेवतो, दोन पास. पहिल्या पासमध्ये तो सगळा व्हिडिओ चाळून कुठे अवघड आहे ते बघतो, दुसऱ्यात वाटप करतो. वेळ जवळपास दुप्पट जातो आणि दोन पास निवडला की हार्डवेअरऐवजी सॉफ्टवेअर एन्कोडिंग लागतं, ते हळू चालतं, म्हणून मशीन जुनं असेल तर रात्री लावून घरी जा. रिझॉल्व्ह या दुसऱ्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ‘रिस्ट्रिक्ट टू’ समोर आकडा द्यायचा असतो.

सीआरएफ मला सगळ्यात आवडतो आणि त्यासाठी हँडब्रेक हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. यात आपण बिटरेट सांगतच नाही. ‘क्वालिटी एवढी ठेव, बिट लागतील तेवढे घे’ असं सांगतो. आकडा उलटा चालतो, लहान आकडा म्हणजे चांगली क्वालिटी, मोठी फाइल. एच.२६४ मध्ये १०८० साठी २० ते २४ मध्ये ठेवा, मी २२ वर असतो. साधारण ६ ने वाढवला की फाइल निम्मी होते. एच.२६५ चा आकडा याच्याशी एकास एक जुळत नाही, एकाचा दुसऱ्याला लावू नका.

सीआरएफची एकच अडचण. फाइल किती मोठी होणार हे आधी कळत नाही. पेनड्राइव्हचं माप ठरलेलं असेल तर दोन पासचा व्हीबीआर, नसेल तर सीआरएफ. मी बहुतेकदा एडिटिंगमधून एक जाड मास्टर काढतो, ४० ते ५० मेगाबिटचा, आणि तो हँडब्रेकमध्ये टाकून मोबाईलची प्रत बनवतो. मास्टर माझ्या हार्डडिस्कवर राहतो.

मी ८ च टाकला होता. चित्र चिखल आलं. असं का?

चौकटीपुढे काय लिहिलंय ते वाचा. किलोबिट असेल तर ८ नाही, ८००० लिहायचं. रिझॉल्व्हमध्ये तो आकडा किलोबिटमध्ये असतो, प्रीमिअरमध्ये मेगाबिटमध्ये. एकावरून दुसऱ्यावर गेलेला प्रत्येक जण हे एकदा करतोच.

फाइल किती मोठी होईल हे आधी कसं काढायचं?

मेगाबिटला साडेसातने गुणा, मिनिटाचे एमबी मिळतात. ८ चा बिटरेट म्हणजे मिनिटाला ६० एमबी, तीन तासांचा फुल व्हिडिओ १०.८ जीबी. आठ बिटांचा एक बाइट, साठ सेकंदांचं मिनिट, ६० भागिले ८ म्हणजे साडेसात, एवढंच गणित. आवाजाचे थोडे वेगळे धरा.

उलटंही काढता येतं. १६ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये चार तासांचं लग्न बसवायचंय, फोटोंसाठी थोडी जागा ठेवून १३ जीबी हातात आहेत. १३,००० गुणिले ८, भागिले १४,४०० सेकंद. उत्तर ७.२ येतं. आवाज धरून ७ ला थांबा. पार्टीला ३२ चा पेनड्राइव्ह घ्यायला सांगणं हा दुसरा मार्ग, पण लग्नाचं बिल वाढलेलं असताना तो विषय काढवत नाही.

पेनड्राइव्हमध्ये जागा शिल्लक आहे, तरी फाइल कॉपी होत नाही.

पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला असणार. त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी चालत नाही, मग पेनड्राइव्ह ६४ चा का असेना. मला हे कळलं ते सत्यनारायणाच्या पूजेच्या सकाळी. पार्टी दुकानात उभी, प्रसादाला पाहुणे येऊन बसलेले, आणि ९ जीबीची फाइल काही केल्या जाईना.

एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलं की अडचण सुटते, पण जुने टीव्ही आणि गाडीतले पडदे एक्सफॅट वाचत नाहीत. म्हणून मी आता एक सलग फाइल देतच नाही. साखरपुडा, हळद, लग्न, वरात असे तुकडे करतो. ६ च्या बिटरेटला दीड तास ४ जीबीत बसतो, तेवढा मोठा विधी सहसा नसतो. शिवाय मोबाईलवर कुणी तीन तासांत बोट फिरवून हळद शोधत बसत नाही. हळदीची फाइल वेगळी दिसली की तीच लागते.

बिटरेट जास्त दिला तर नुकसान काय? जागा आहे की भरपूर.

जागेचा प्रश्न कमी, पुढचे जास्त. ५० मेगाबिटची फाइल स्वस्त फोनवर अडकत चालते, फोन तापतो, बॅटरी उतरते. पेनड्राइव्ह थेट मोबाईलला लावून पाहणारे बरेच असतात, आणि लग्नात वाटायला घेतलेले स्वस्तातले पेनड्राइव्ह कधी कधी तेवढ्या वेगाने सलग वाचले जात नाहीत. मग ‘तुमच्या व्हिडिओत गडबड आहे’ असा फोन येतो.

दुसरं म्हणजे मूळ फुटेजमध्ये जे नाही ते बिटरेट वाढवून येत नाही. मामाने व्हॉट्सॲपवर पाठवलेली क्लिप आधीच दाबून पातळ झालेली असते. ती २० ला एक्सपोर्ट केली तर तेच चौकोन जास्त काळजीपूर्वक साठवले जातात. पातेलं मोठं घेतलं म्हणून ताकाचं दही होत नाही. मूळ क्लिप मागवा, आणि ती डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

मोबाईलवर आवाज येतो, चित्र येत नाही.

हा बिटरेटचा दोष नाही, पण तक्रार आपल्याकडेच येते. नवे कॅमेरे १०-बिट, ४:२:२ मध्ये, म्हणजे रंगाची जास्त माहिती ठेवून, शूट करतात आणि काही जण एक्सपोर्टही तसंच करतात. बहुतेक फोनमधली व्हिडिओची चिप ते उलगडू शकत नाही. मोबाईलच्या प्रतीला ८-बिट, ४:२:०, एच.२६४, हाय प्रोफाइल, लेव्हल ४.१, एमपी४ ठेवा. ५०-६० फ्रेमच्या १०८० ला मात्र लेव्हल ४.२ लागते.

एच.२६५ ची फाइल आयफोनवर उघडत नसेल तर आत ‘एचव्हीसी१’ ऐवजी ‘एचईव्ही१’ असा टॅग पडलेला असतो. चित्र ठीक असतं, ॲपलची यंत्रं फक्त पहिल्यालाच ओळखतात. घरात कोणकोणते फोन आहेत माहीत नसतं, म्हणून मी अजूनही २००३ सालचा एच.२६४ च देतो. एच.२६५ आला २०१३ ला, एव्ही१ २०१८ ला. दोन्ही जास्त हुशार आहेत, पण आजीच्या फोनला त्यांच्याशी देणंघेणं नाही.

व्हॉट्सॲपसाठी किती ठेवू?

काहीही ठेवा, साधा व्हिडिओ म्हणून पाठवलात तर व्हॉट्सॲप तो स्वतः पुन्हा दाबणार. २०२३ पासून एचडीचा पर्याय आहे, त्याने फरक पडतो, पण दाबणं थांबत नाही. जसाच्या तसा पोचवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा, त्याला २ जीबीपर्यंत परवानगी आहे. फक्त लक्षात ठेवा, दीड जीबीचं डॉक्युमेंट घरच्या ग्रुपवर टाकलं की चाळीस जणांचा डेटा जातो आणि नंतर बोलणी आपण खातो. तीन मिनिटांची हायलाइट ७२० ला ३ मेगाबिटने काढली तर ७५ एमबीच्या आत राहते. ग्रुपसाठी तेवढं बास.

यूट्यूबला हीच मोबाईलची प्रत टाकू का?

नको. यूट्यूब प्रत्येक व्हिडिओ पुन्हा दाबतो, त्यामुळे त्याला चांगला कच्चा माल द्यायचा. त्यांचीच शिफारस १०८० ला २५-३० फ्रेमसाठी ८ मेगाबिट, ५०-६० साठी १२, फोरकेला ३५ ते ४५ अशी आहे. मी ती कमीत कमी समजतो आणि भंडाऱ्यासारखं काही असेल तर मास्टरच चढवतो. नेट रात्री मोकळंच असतं.

आवाजाचा बिटरेट किती?

एएसी, ४८ किलोहर्ट्‌झ. नुसतं बोलणं असेल तर १२८ किलोबिट, गाणं-बजावणं असेल तर १९२. ८००० किलोबिटच्या फाइलीत १९२ म्हणजे जेमतेम अडीच टक्के, तिथे काटकसर करून काही मिळत नाही. जागरणातलं तुणतुणं आणि दिमडी ६४ वर ऐकून बघा, तुणतुण्याची तार पत्र्यासारखी वाजते.

वडिलांच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट मोबाईलमध्ये घ्यायचीय. जुनं आहे, कमी बिटरेट चालेल ना?

उलट. कॅसेटच्या चित्रात मुंग्या असतात, आणि कोडेकला मुंग्या म्हणजे भंडाराच. प्रत्येक फ्रेमला नव्या. साध्या ४८० ला दीड पुरतो असं वर म्हटलं, पण ७२० बाय ५७६ च्या कॅसेटला मी ३ ते ४ देतो. आधी हलकासा डीनॉइज, म्हणजे मुंग्या घालवणारा फिल्टर, मारा. हलकासाच. जास्त मारलात तर नऊवारीचा काठ आणि चेहऱ्यावरच्या रेषा एकत्रच गुळगुळीत होतात, आणि समोर बसलेल्या माणसाला आपली आई ओळखू येत नाही.

दुसरी गोष्ट, कॅसेटचं चित्र इंटरलेस्ड असतं, एक सोडून एक ओळींचं. तसंच मोबाईलवर दिलं तर हलणाऱ्या हाताला कंगव्यासारखे दाते येतात. एक्सपोर्टच्या आधी डीइंटरलेस करा, जमलं तर ५० फ्रेममध्ये, हालचाल मूळसारखी मऊ राहते. एचडी ‘करून’ देऊ नका. आणि मिनी डीव्ही कॅसेट असेल तर आत २५ मेगाबिटचा डिजिटल माल आहे, तासाला १३ जीबी. तो जसाच्या तसा उतरवून ठेवा, मोबाईलची प्रत त्यावरून. कॅसेट चालवणारा कॅमेरा पुढच्या वर्षी चालू असेलच असं नाही.

गाडीतल्या पडद्याला आणि जुन्या प्लेअरला काय द्यायचं?

फॅट३२, एच.२६४, ७२० किंवा ४८०, २ मेगाबिट. जुना आयपॉड क्लासिक कुणी जपून ठेवला असेल तर त्याला ६४० बाय ४८०, बेसलाइन प्रोफाइल आणि जास्तीत जास्त अडीच मेगाबिट, त्यावर एक पाऊल नाही.

तीन तासांचं रेंडर लावण्याआधी खात्री कशी करू?

टाइमलाइनमधली सगळ्यात वाईट तीस सेकंदं निवडा. सुंदर नाही, वाईट. अक्षता, धूर, रात्रीची वरात, लाल पडद्यापुढचा लाल शालू. तेवढाच तुकडा एक्सपोर्ट करा. कॉम्प्युटरवर बघू नका, मोबाईलमध्ये टाका, उजेड पूर्ण वाढवा आणि तीन जागा बघा: अंधारातले कोपरे, तिथे पट्टे पडतात. नवरीच्या चेहऱ्याची कड. आणि उडणाऱ्या अक्षता दाणे दिसतात की ठिपक्यांचा गोळा. गोळा दिसला तर मॅक्सिमम दोन-तीनने वाढवा, टार्गेट आहे तिथेच राहू द्या, आणि पुन्हा तीस सेकंदं.

फोन मात्र आपला घेऊ नका. माझ्या टेबलच्या खणात २ जीबी रॅमचा, कोपऱ्यातून काच गेलेला एक जुना हँडसेट आहे, बायको टाकून देणार होती. त्यावर न अडकता चाललं की पेनड्राइव्ह डबीत जातो आणि मी पार्टीला फोन लावतो.